पद्मिनीतला शॉर्ट आणि फ्यूजच्या जागी लावलेला दिवा

आमची प्रीमिअर पद्मिनी १९७९ सालची आहे. बाबांनी ती नवी घेतली, जवळजवळ चाळीस वर्षे स्वतः चालवली आणि २०१९ मध्ये ते गेल्यानंतर नमुना ३१ भरून मी ती माझ्या नावावर करून घेतली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यालाच असलेला गिअर आणि पुढे बाकासारखी सलग सीट, अशी ही गाडी पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि आठवड्यातून तीन-चार वेळा बाहेर पडते. २०२४ च्या पावसाळ्यात तिच्यात निर्माण झालेला विजेचा एक दोष शोधायला मला पाच आठवडे लागले. त्या काळात मी काय केले, कुठे चुकले आणि किती पैसे गेले ते क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण मला मिळालेला बहुतेक सल्ला ‘सगळे वायरिंग नवीन टाका’ या एका वाक्यात संपत होता. मी हिशेबतपासणीचे काम करते. गाडीतल्या विजेचे माझे ज्ञान तोवर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्यापुरतेच होते.

सुरुवात शनिवार, ६ जुलैच्या संध्याकाळी झाली. मावशीला भेटून आई आणि मी सहकारनगरहून परत येत होतो, रिमझिम पाऊस होता आणि गाडीचे दिवे लावलेले होते. नळ स्टॉपच्या सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवरच्या मुलाने काचेवर टकटक करून सांगितले, “काकू, मागचे दिवे बंद आहेत.” मी समोर पाहिले तर काट्यांमागचा उजेडही गेलेला होता. पुढचे मोठे दिवे मात्र चालू होते आणि ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवाही लागत होता. घरी येऊन फ्यूज बॉक्सचे झाकण काढले, तेव्हा टेललॅम्प, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचे दिवे ज्या एका फ्यूजवर आहेत तो जळालेला दिसला. या गाड्यांत हल्लीचे पात्यांचे फ्यूज नसतात. दोन्ही टोकांना निमुळते, अंगावर धातूची पट्टी असलेले चिनी मातीचे फ्यूज असतात, आणि त्यांतला पांढरा म्हणजे ८ अँपिअरचा. बाबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात औषधाच्या डबीत सहा फ्यूज जपून ठेवले होते. त्यातला एक लावला, दिवे लागले आणि विषय संपला असे मी समजले.

मंगळवारी, ९ तारखेला, तोच फ्यूज पुन्हा उडाला. शनिवारी, १३ तारखेला, तिसऱ्यांदा उडाल्यावर मी गाडी घराजवळच्या एका इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी पाच मिनिटांत पांढरा फ्यूज काढून तिथे लाल, म्हणजे १६ अँपिअरचा, बसवला, चारशे रुपये घेतले आणि “आता नाही उडणार ताई” असे सांगितले. त्यांचे म्हणणे खरे ठरले. फ्यूज उडाला नाही. त्याऐवजी दोन किलोमीटरवर गाडीत प्लास्टिक जळल्याचा वास आला. मी गाडी कडेला घेतली, दिवे बंद केले आणि बोनेट उघडून बॅटरीची ऋण बाजूची केबल सोडवली, तेव्हा माझे हात थरथरत होते. टर्मिनलच्या नटाला बसणारा पाना गाडीत होता म्हणूनच हे जमले. जुनी गाडी चालवणाऱ्याने तो पाना टूलकिटच्या तळाशी न ठेवता सीटखाली हाताला लागेल असा ठेवावा.

त्या रात्री मी कागदावर एक साधा हिशेब केला, जो मला पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. त्या फ्यूजवर टेललॅम्पचे दोन बल्ब प्रत्येकी ५ वॉटचे, नंबरप्लेटचा दिवा ५ वॉटचा आणि डॅशबोर्डचे बारीक दिवे मिळून आणखी पाच-सहा वॉट, एवढाच भार आहे. एकूण वीस-एकवीस वॉट. बारा व्होल्टने भागले की पावणेदोन अँपिअरही होत नाहीत. पावणेदोन अँपिअरच्या कामासाठी आठ अँपिअरचा फ्यूज उडतो याचा अर्थ भार जास्त आहे असा नसून, वीज दिव्यापर्यंत न पोचता वाटेतच कुठेतरी गाडीच्या पत्र्याला मिळते आहे असा होतो. पद्मिनीत बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते, त्यामुळे उघडी पडलेली धन तार कुठेही पत्र्याला टेकली की मंडळ (सर्किट) पूर्ण होते आणि बॅटरी देईल तेवढी वीज त्या तारेतून धावते; यालाच शॉर्ट म्हणतात. फ्यूज असतो तो बल्बच्या रक्षणासाठी नाही, तारेच्या रक्षणासाठी. मोठा फ्यूज बसवणे म्हणजे तारेलाच फ्यूजचे काम करायला लावणे होय. शिवाय या पिढीच्या फिआट बनावटीच्या गाड्यांत इग्निशनची आणि चार्जिंगची तार फ्यूजवरून जातच नाही, म्हणून वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरी सोडवणे हा नियम मी तेव्हापासून पाळते.

याच सुमारास दुसरे दुखणे सुरू झाले, आणि त्याने पुढचे दोन आठवडे मला चुकीच्या दिशेला नेले. तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरू लागली. मी साहजिकच दोन्ही तक्रारी एकत्र जोडल्या: कुठेतरी शॉर्ट आहे, त्यानेच फ्यूज उडतो आणि त्यानेच बॅटरी खाल्ली जाते. दुसऱ्या इलेक्ट्रिशियननेही तेच निदान केले. त्यांनी डिकीत बराच वेळ घालवला, कारण डिकीच्या बिजागरीपाशी वाकून वाकून तारेची साल निघते हा सगळ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. त्यांनी एक गंजलेला होल्डर बदलला, साडेनऊशे रुपये घेतले आणि तरीही पुढच्या रविवारी फ्यूज उडाला, तेव्हा सगळे वायरिंग नवीन टाकण्याचा चौदा हजारांचा अंदाज सांगितला. गाडी आठ दिवस ठेवावी लागणार होती. मला मोह झाला होता, हे नाकारत नाही. पण जे सापडले नाही ते बदलून टाकायचे, आणि बदलल्यावरही ते काय होते हे कळायचे नाही, ही गोष्ट माझ्या व्यवसायात पाप मानली जाते.

घाईचे आणखी एक कारण होते. गाडीच्या नोंदणीची मुदत २८ सप्टेंबर २०२४ ला संपत होती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी मोटार वाहन निरीक्षकासमोर गाडी उभी करावी लागते. तिथे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर सगळे चालू लागते. अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे माझ्यासाठी ३० जुलैपासून. उशीर झाला तर मोटारीला तेव्हा दरमहा पाचशे रुपये जादा पडत होते. एका परिचिताने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवून टाक असे सुचवले होते, पण २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडीला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात, पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मला तर तीच गाडी घेऊन भाजी आणायची असते.

मग मी मला येते ते केले. एक वही घेतली आणि रकाने पाडले: तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता, रस्ता, दिवे किती वेळ लावले होते, गाडीत कोण होते आणि फ्यूज शाबूत राहिला की उडाला. २५ जुलैला शहरात मुसळधार पाऊस झाला, सिंहगड रस्त्यालगत एकतानगरीत घरांत पाणी शिरले. त्या दिवशी गाडी जागची हलवली नाही, पण वहीत ‘उभी’ अशी नोंद केली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माझ्याकडे एकोणीस नोंदी झाल्या होत्या, मागच्या घटनाही आठवून लिहिल्या होत्या. फ्यूज एकूण सात वेळा उडालेला होता. सातही वेळा पाऊस झालेला होता किंवा आदल्या दिवशी होऊन गेलेला होता, आणि सातपैकी सहा वेळा गाडीत आई होती.

आईला हे सांगितल्यावर ती रागावली. “म्हणजे माझ्यामुळे फ्यूज उडतो का? मी काय दिव्यांना हात लावते?” तिचे म्हणणे रास्त होते. तरीही ती नोंद मला सोडवत नव्हती.

या टप्प्यावर आमच्या शेजारच्या काकांनी त्यात लक्ष घातले. काका दूरध्वनी खात्यात केबल जॉइंटर होते. जमिनीखालच्या शेकडो जोड्यांच्या केबलमध्ये दोष कुठल्या खड्ड्यापाशी आहे ते शोधण्यात त्यांची तीस वर्षे गेली. गाडी त्यांना चालवताही येत नाही. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. “या तारेची दोन टोकं कुठं आहेत? आणि मधे सुटी करता येईल अशी जागा कुठं कुठं आहे?” मला उत्तर देता आले नाही. मग ते म्हणाले, “तेवढं आधी कागदावर काढून आण. बाकी मग बघू.”

तो नकाशा काढायला मला चार संध्याकाळी लागल्या. मूळ आराखडा उपयोगाचा नव्हता, कारण चाळीस वर्षांत अनेक हात लागले होते आणि तारांचे रंग इतके मळले होते की पिवळा आणि पांढरा यांत फरक उरला नव्हता. मी प्रत्येक तार हाताने चाचपत पुढे गेले आणि प्रत्येक जोडाला पांढऱ्या चिकटपट्टीवर आकडा लिहून लावला. माझ्या गाडीत फ्यूजपासून निघालेली तार दोन वाटांनी जाते: एक डॅशबोर्डच्या दिव्यांकडे आणि दुसरी डाव्या बाजूला, पुढे बसणाऱ्याच्या पायाजवळच्या आच्छादनामागे असलेल्या कनेक्टरकडे. तिथून ती इतर तारांच्या जुडग्यात मिळून दाराच्या उंबरठ्यालगत, मॅटखालून मागे जाते, मागच्या सीटखालून डिकीत शिरते आणि तिथल्या दुसऱ्या कनेक्टरवरून दोन्ही टेललॅम्प आणि नंबरप्लेट यांना फुटते. म्हणजे सुटे करता येतील असे दोन सांधे: एक पायाजवळ, एक डिकीत. काकांना कागद दाखवल्यावर ते प्रथमच खूश दिसले.

त्यांनी मला तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, आणायला सांगितलेल्या वस्तू अशा: बारा व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचा एक बल्ब, त्याचा होल्डर, दोन हात लाल-काळी वायर आणि दोन क्रोकोडाइल क्लिप. सगळे मिळून पंच्याण्णव रुपये. हा बल्ब फ्यूजच्या जागी लावायचा, म्हणजे फ्यूज काढून तो ज्या दोन पट्ट्यांत बसतो त्यांना एकेक क्लिप पकडवायची. शोधकामात मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच, म्हणून तिचे काम सविस्तर सांगते. पुढे कुठेही तार पत्र्याला टेकली की पूर्ण बारा व्होल्ट या बल्बला मिळतात आणि तो लख्ख पेटतो, पण त्याच्यातून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त वीज जाऊच शकत नाही, त्यामुळे तार तापत नाही आणि फ्यूज वाया जात नाही. शॉर्ट सुटला की तो विझतो. मात्र त्या मंडळावरचे इतर बल्ब आधी काढून ठेवावे लागतात, नाहीतर त्यांच्यातून वीज वाहून हा बल्ब मंद पेटत राहतो आणि फसगत होते. मी टेललॅम्पचे, नंबरप्लेटचे आणि डॅशबोर्डचे सगळे बल्ब काढून कागदी पाकिटांत नावे घालून ठेवले.

मल्टिमीटरने हे होणार नाही का, असे मी विचारले होते, कारण साडेसहाशे रुपयांचा मल्टिमीटर मी आधीच घेऊन ठेवला होता. होते, पण दोष सतत असेल तर. जो शॉर्ट कधी होतो आणि कधी होत नाही, तो शोधताना दोन्ही हात तारा हलवण्यात गुंतलेले असतात आणि आकड्यांकडे बघायला तिसरा डोळा नसतो. बल्ब मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसतो.

रविवारी, ११ ऑगस्टला सकाळी आम्ही बसलो. दिव्यांचे बटण चालू केले, बल्ब विझलेलाच राहिला. तारा हलवल्या, दारे आपटली, डिकी उघडून मिटली. काहीच नाही. तासाभराने काका म्हणाले, “तुझ्या वहीत काय लिहिलंय? आईला बोलाव.” आई चहाचा कप घेऊनच खाली आली. नेहमीप्रमाणे तिने डाव्या दाराच्या चौकटीला हात धरला, उजवा पाय उंबरठ्यावर ठेवला, गुडघेदुखीमुळे सगळा भार त्यावर टाकून क्षणभर थांबली आणि मग आत बसली. तिने पाय ठेवला त्याच क्षणी बल्ब लख्ख पेटला. ती बसली, पाय आत घेतला आणि बल्ब विझला. आम्ही तिला पुन्हा उतरायला लावले, पुन्हा बसायला लावले. चौथ्यांदा तिने नकार दिला आणि चहा गार झाल्याचे सांगून ती वर निघून गेली.

आता घाई करू नकोस, असे काकांनी बजावले. उंबरठाच उचकटून बघावा असे मला वाटत होते; त्यांनी तसे करू दिले नाही. मॅटवर एक भरलेला पाण्याचा कॅन अशा बेताने टेकवला की बल्ब पेटलेलाच राहिला. मग डिकीतला कनेक्टर सोडवला. बल्ब पेटलेलाच. म्हणजे दोन इलेक्ट्रिशियन आणि मी मिळून जिथे इतके तास घालवले होते ती डिकी पहिल्याच पायरीला निर्दोष सुटली. तो पुन्हा जोडून पायाजवळचा कनेक्टर सोडवला, बल्ब विझला. जोडला, पेटला. दोष या दोन सांध्यांच्या मधल्या साधारण दोन मीटर तारेत होता, एवढे आता नक्की झाले. हिशेबातली तफावत शोधताना आम्हीही वर्षाचे दोन भाग करतो, मग सहा महिन्यांचे दोन. त्यामुळे मला ही रीत नवी नव्हती, फक्त ती तारांनाही लागू पडते हे कधी सुचले नव्हते.

डाव्या दाराच्या उंबरठ्यावर मॅटची कड दाबून धरणारी अॅल्युमिनियमची पट्टी आहे. ती सहा स्क्रूंनी बसवलेली आहे. मी पुढून एकेक स्क्रू काढत गेले. पहिला, दुसरा, तिसरा, बल्ब पेटलेला. चौथा स्क्रू दोन आटे फिरवला आणि बल्ब विझला. पुन्हा आवळला, पेटला. काका काही बोलले नाहीत; त्यांनी फक्त पाण्याचा कॅन बाजूला घेतला.

बाकीचे पाच स्क्रू अर्ध्या इंचाचे होते. चौथा त्यांच्या दुपटीहून लांब, लाकडाला मारायचा, टोकदार स्क्रू होता. तो तिथे कसा आला हे मला ठाऊक आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात बाबांनी नवीन मॅट बसवली तेव्हा एक स्क्रू हरवला, आणि सुट्या स्क्रूंच्या डालड्याच्या डब्यातून “हा चालेल का बघा” म्हणत हा मीच त्यांच्या हातात दिला होता. त्याचे टोक जुडग्याच्या कापडी पट्टीतून आत गेले आणि टेललॅम्पच्या तारेची साल खरवडून तिथे थांबले. अकरा वर्षे तिथे तांबे आणि लोखंड यांच्यात केसाएवढे अंतर राहिले असावे. या पावसाळ्यात डाव्या दारातून पाणी आत येऊन मॅटखालचा नमदा भिजून फुगला, त्याने जुडगा वर उचलला गेला आणि त्यावर कोणी भार दिला की अंतर संपू लागले. तारेवर त्या जागी हिरवा गंज धरलेला होता आणि चार इंच साल काळी पडून कडक झाली होती. ते काळेपण सोळा अँपिअरच्या फ्यूजच्या दोन किलोमीटरांचे होते.

दुरुस्तीला एक दुपार पुरली. बॅटरी सोडवून तारेचा सहा इंचांचा खराब तुकडा कापला, दीड चौरस मिलिमीटरच्या गाडीच्याच वायरचा तुकडा सोल्डर करून घातला आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवली. काळी चिकटपट्टी आम्ही टाळली, कारण पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तिचा डिंक वितळून ती सुटते आणि धूळ धरते. जुडगा उंबरठ्यापासून आतल्या बाजूला सरकवून प्लास्टिकच्या पन्हाळीदार नळीत घातला. स्क्रू अर्ध्या इंचाचा लावला. मग पाणी कुठून आले ते पाहिले: दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायला दोन भोके असतात, ती चिखलाने बुजली होती. जुन्या सायकलच्या स्पोकने ती मोकळी केली तेव्हा दारातून अर्धा तांब्या पाणी निघाले. ज्यांच्याकडे या काळातली गाडी आहे त्यांनी मे महिन्यात ही भोके जरूर बघावीत. खर्च काहीच नाही.

मला वाटले होते की आता बॅटरीही उतरायची थांबेल. ती थांबली नाही. बुधवारी सकाळी गाडीने पुन्हा आवाज दिला नाही, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की ते दुखणे पहिल्यापासून वेगळेच होते. फ्यूजचा शॉर्ट दिव्यांचे बटण चालू असतानाच होणार. बटण बंद करून उभ्या केलेल्या गाडीची बॅटरी तो कशी उतरवेल? हे तपासायची पद्धत निराळी आहे. बॅटरीची ऋण केबल सोडवायची आणि केबल व बॅटरी यांच्या मधे मल्टिमीटर अँपिअरवर लावायचा, तार दहा अँपिअरच्या खोबणीत घालून. माझ्या गाडीत ना घड्याळ आहे ना संगणक, त्यामुळे आकडा शून्याजवळ यायला हवा होता. तो ०.४१ आला. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नये. मी सवयीने फिरवली आणि मीटरचा स्वतःचा फ्यूज उडवला. तो तीस रुपयांना मिळाला.

०.४१ अँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ दहा अँपिअर-तास, आणि माझी बॅटरी ३५ ची. तीन दिवसांचे गणित जुळले. सगळे फ्यूज एकेक करून काढले तरी आकडा हलला नाही, म्हणजे जे काही होते ते फ्यूजवर नव्हते. बारा व्होल्टला ०.४१ अँपिअर म्हणजे सुमारे ५ वॉट, हे काकांनी तोंडी सांगितले आणि विचारले, “पाच वॉटचा बल्ब कुठं लपलाय?” डिकीत. दोन वर्षांपूर्वी मीच तिथे एक छोटा दिवा बसवून घेतला होता, थेट बॅटरीवरून, डिकी मिटली की बंद होणाऱ्या दाबाच्या बटणासह. मोबाइलवर चित्रण सुरू करून तो डिकीत ठेवला, डिकी मिटली आणि अर्ध्या मिनिटाने काढून पाहिले: डिकी बंद असताना आत छान उजेड होता. बटण गंजून अडकले होते. दिवाच काढून टाकला आणि मीटर शून्यावर आला.

खर्चाचा हिशेब वहीत आहे तसा देते. दोन इलेक्ट्रिशियन मिळून १३५० रुपये, मल्टिमीटर ६५०, बल्बची चाचणीदोरी ९५, नाना पेठेतून आणलेले फ्यूज ६०, मीटरचा फ्यूज ३०, वायर आणि नळ्या २८०, बॅटरी दोनदा चार्ज करण्याचे २०० आणि बॅटरी एका खटक्यात तोडणारा स्विच, जो मी नंतर नाना पेठेतूनच घेऊन बसवला, त्याचे ३५०. एकूण ३०१५ रुपये. काकांनी काही घेतले नाही. गणपतीत त्यांच्या घरी आईने केलेले मोदक गेले, ते हिशेबात धरलेले नाहीत.

नूतनीकरणाचे काम त्यामानाने सरळ झाले. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नमुना २५ भरला, विम्याची आणि पीयूसीची चालू प्रत जोडली, शुल्काचे पाच हजार आणि पाच वर्षांच्या पर्यावरण कराचे तीन हजार भरले. पीयूसी आणि विमा निरीक्षणाच्या दिवशीही मुदतीत असायला हवेत, केवळ अर्जाच्या दिवशी नाही. माझी पीयूसी मधल्या काळात संपत होती हे वेळेवर लक्षात आले म्हणून वाचले. चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने काढलेला ठसा लागतो, आणि पंचेचाळीस वर्षांच्या रंगांखाली तो क्रमांक शोधण्यात एक सकाळ गेली. आधी रॉकेलच्या फडक्याने पुसावे, मग पातळ कागद धरावा.

शुक्रवार, २० सप्टेंबरला निरीक्षण होते. मी नऊ वाजता पोचले आणि साडेबाराला माझा क्रमांक आला. निरीक्षकांनी ठसा जुळवून पाहिला, दिवे लावायला सांगितले आणि गाडीमागे जाऊन उभे राहिले. मी आरशात त्यांच्याकडे पाहत होते आणि माझा डावा पाय उगीचच जमिनीवर जोर देत होता. डावा, उजवा, ब्रेक, नंबरप्लेट, वायपर, हॉर्न. चार मिनिटांत ते संपले.

खरी परीक्षा मात्र मी पावसाची धरली होती, कारण वहीतल्या सातही नोंदी पावसाच्या होत्या. बुधवारी, २५ सप्टेंबरला शहरात पुन्हा तुफान पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्ते जरा मोकळे झाल्यावर दिवे लावून आईला घेऊन नळ स्टॉपपर्यंत जाऊन आले. तिने बसताना त्याच उंबरठ्यावर, त्याच जागी पाय ठेवला आणि फ्यूज बॉक्सच्या दिशेने बघत विचारले, “लागला का दिवा?”

नोंदणीचे नवे कार्ड ऑक्टोबरमध्ये टपालाने आले, २०२९ पर्यंतच्या मुदतीचे. लांब स्क्रू पुन्हा डालड्याच्या डब्यात टाकला आहे, कागदात गुंडाळून आणि वर ‘गाडीला नको’ असे लिहून. पेट्रोलचा काटा अजूनही टाकी भरलेली असो वा रिकामी, निम्म्यावरच थांबतो. तो बहुधा टाकीजवळच्या अर्थिंगचा, म्हणजे तारेच्या बॉडीशी असलेल्या जोडणीचा, दोष आहे. वहीत त्याचे नवे पान सुरू केले आहे.